बाजारपेठ, स्थलांतर आणि श्रमाचे मोल
(सुवर्ण महोत्सवी समारंभातील भाषण)



आपल्यापैकी अनेकांची घराणी निजाम राजवटीत राजस्थान-गुजरातेतून या भागात आली. तेही स्थलांतरच होते. परंतु पाठीशी आप्तांची पेढी आणि बाजारात पत होती. 1911 साली बार्शी लाईट रेल्वे लातूरास पोहोचली, 1917 साली गंजगोलाई उभी राहिली. व्यापाराबरोबर हमाल, तोलारी, गाडीवान आणि डाळ निवडणाऱ्या स्त्रिया यांनाही काम मिळाले. नांदेडास उस्मानशाही मिलने तेच केले. ती मिल बंद पडल्यावर कापूस पिकतच राहिला. सुताचा रोजगार मात्र शहराबाहेर गेला.

आज आपल्या आडतीतील तुरीचा भाव केवळ येथील पावसावर ठरत नाही. 2015 साली तूरडाळ किलोला 200 रुपयांवर गेली, तेव्हा ग्राहक हवालदिल झाला. 2016 साली मोझांबिकशी आयातीचा करार झाला. त्याच वर्षी आपल्याकडे विक्रमी पीक आले आणि 2017 च्या आरंभी शेतकऱ्यास क्विंटलमागे 5050 रुपयांचा हमीभावही मिळेना. मे 2021 मध्ये तुरीची आयात मुक्त झाली. शहरातील मजुराच्या ताटात डाळ स्वस्त आली, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु भाव पडला की शेतकरी पहिली काटकसर खुरपणी आणि काढणीच्या मजुरीत करतो. शिवाय परदेशी तूर मुंबई किंवा चेन्नईच्या बंदरात उतरते. ती लातूरापर्यंत आणण्याचे भाडे भरणाऱ्या गिरणीपेक्षा बंदराजवळची गिरणी साहजिकच वरचढ ठरते. सॉर्टेक्स यंत्राने डाळ निवडणाऱ्या स्त्रियांचे काम आधीच हिरावले आहे. (यंत्र घेणाऱ्यास मी दोष देत नाही, ते न घेणारा बाजारात टिकत नाही.)

मग लोहा, कंधार, मुखेड, अहमदपूर, जळकोट भागातील कुटुंबे दिवाळीनंतर कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात. पती-पत्नी मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, आणि ती फिटेपर्यंत दराविषयी बोलण्याची सोय नसते. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली, ती संघटनांनी संप आणि वाटाघाटींचा मार्ग धरल्यामुळे. एकट्या कुटुंबाला मात्र घासाघीस तेव्हाच करता येते, जेव्हा गावी दुसरे काम असते. म्हणून माझे म्हणणे एवढेच, की सांगली-कोल्हापूरच्या फडातील मजुरी काही अंशी लातूर-नांदेडच्या मोंढ्यातही ठरते. आपण हमालाची माथाडी मंडळात नोंदणी करतो की टाळतो, गिरणीत बारमाही काम देतो की केवळ हंगामी, यावर त्या कुटुंबाला उचल नाकारता येईल की नाही हे अवलंबून आहे.

यासाठी विश्वस्तांपुढे एक सूचना ठेवतो. आपल्या स्थानकातील खोल्या चातुर्मासात भरलेल्या असतात आणि कार्तिकी पौर्णिमेनंतर बहुतांशी रिकाम्या होतात. ऊसतोडणीचा हंगाम नेमका त्याच सुमारास सुरू होऊन चैत्रापर्यंत चालतो. आईवडिलांबरोबर फडावर जाणाऱ्या मुलांची शाळा त्या काळात तुटते. शासनाची हंगामी वसतिगृहाची योजना आहे, पण जागेची अडचण सर्वत्र असते. या वर्षी दहा मुलांची सोय करावी. शिध्याचा खर्च मोंढ्यातील आम्ही काही व्यापारी उचलण्यास तयार आहोत. स्वयंपाकासाठी गिरणीतून काम गेलेल्या दोन भगिनींना योग्य पगारावर नेमावे.