पांचवा सेट

माझ्या शाळेंत मुलांची शर्यत मैदानाच्या चार फेऱ्यांची आणि मुलींची दोन फेऱ्यांची असे. हा नियम माझाच. मुलींना अधिक झेपणार नाहीं, अशी माझी समजूत होती. ती पारखून मात्र मीं कधीं पाहिली नाहीं.

टेनिसमध्येंही असेंच घडलें. १९०१ सालीं एलिझाबेथ मूर यांनी लागोपाठ दोन दिवस पांच-पांच सेट खेळून अमेरिकेचें अजिंक्यपद मिळविलें. तरीही पुढील वर्षापासून तेथील स्त्रियांचा अंतिम सामना तीन सेटांवर आणला गेला. मूरबाईंना तें रुचलें नाहीं.

वर्षभरांत अग्रेसर ठरलेल्या निवडक स्त्री-खेळाडूंची वर्षअखेरची स्पर्धा १९७२ मध्यें सुरू झाली. १९८४ ते १९९८ पर्यंत तिचा अंतिम सामना पांच सेटांचा असे. १९९० सालीं न्यूयॉर्क येथें सोळा वर्षांच्या मोनिका सेलेसनें गॅब्रिएला साबातिनीला ६-४, ५-७, ३-६, ६-४, ६-२ असें हरविलें. पावणेचार तासांहून अधिक वेळ दोघीही झुंजल्या. १९०१ नंतर स्त्रियांचा सामना पांचव्या सेटापर्यंत गेला, तो हा पहिलाच.

ती बातमी मीं तेव्हांच वाचली होती. माझ्या शाळेंतील मुली मात्र मी निवृत्त होईपर्यंत दोनच फेऱ्या धावत राहिल्या.