बातमी आणि ताळेबंद
(वृत्तपत्रविद्येच्या शिक्षकांच्या अधिवेशनातील अध्यक्षीय भाषण)



अध्यक्षाने १८३२ सालच्या ‘दर्पण’पासून सुरुवात करून आजपर्यंत यायचे, असा आपल्याकडे रिवाज आहे. तो प्रवास आपण दर सहा जानेवारीला, पत्रकार दिनी, करतोच. आज त्याला सुट्टी देऊ या. मला वाणिज्य आणि पत्रकारिता या जोडपदवीबद्दल बोलायचे आहे.

एप्रिल २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यार्थ्याला एकाच वेळी दोन पदव्या घ्यायला मुभा दिली. तासांच्या वेळा एकमेकांवर येत नसतील तर दोन्ही वर्गात बसून, नाहीतर एक वर्गात आणि दुसरी दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन. सकाळी बी.कॉम. आणि दुपारी पत्रकारिता, असा विद्यार्थी आता होऊ शकतो. पालकांना ही सोय आवडते, कारण एक नाही चालली तर दुसरी हाताशी आहे. शिक्षकांच्या खोलीत मात्र कुरबुर ऐकू येते. वाणिज्यवाल्यांना वाटते, पोरगा बातम्यांच्या नादाने वाया जाणार. आपल्याला वाटते, तो धंद्याच्या नादाने वाया जाणार.

हे भांडण पत्रकारितेच्या शिक्षणाइतकेच जुने आहे. न्यूयॉर्कच्या ‘वर्ल्ड’ दैनिकाचे मालक जोसेफ पुलित्झर यांनी पत्रकारितेचे महाविद्यालय काढण्यासाठी पैसा देऊ केला, तेव्हा हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी अभ्यासक्रमाचा एक आराखडा सुचवला. त्यात वृत्तपत्राचा कारभार, खप, जाहिराती, छपाई हे सगळे होते. पुलित्झर यांना ते मुळीच रुचले नाही. १९०४ मध्ये ‘नॉर्थ अमेरिकन रिव्ह्यू’त लांबलचक लेख लिहून त्यांनी आपली बाजू मांडली आणि धंद्याच्या शिक्षणाला या महाविद्यालयाचे दार बंद असावे असे सांगितले. सांगणारा माणूस कोण, तर तोट्यातले ‘वर्ल्ड’ विकत घेऊन ते नफ्यात आणणारा पक्का धंदेवाईक! त्यांच्या पश्चात १९१२ मध्ये कोलंबिया विद्यापीठात ते महाविद्यालय सुरू झाले.

त्याच विद्यापीठात पुढच्या वर्षी बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर एक मराठी विद्यार्थी अर्थशास्त्र शिकायला आला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना आपण पत्रकारितेच्या वर्गात संपादक म्हणून शिकवतो, अर्थशास्त्राच्या वर्गात अर्थतज्ज्ञ म्हणून शिकवतात, आणि या दोन वर्गांच्या भिंतीला खिडकीसुद्धा नसते. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाला तेव्हा बाबासाहेब काय करत होते? मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात, म्हणजे वाणिज्य महाविद्यालयात, अर्थशास्त्र शिकवत होते. नोकरी सरकारी असल्यामुळे संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकर यांचे होते. भांडवलाला राजर्षी शाहू महाराजांचे अडीच हजार रुपये होते. आणि पैसे मोजायची तयारी असूनही ‘केसरी’ने या पाक्षिकाची जाहिरात छापली नाही. जाहिरात विभागातला एक नकार किती मोठा संपादकीय निर्णय असू शकतो, हे शिकवायला याहून चांगले उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

त्याच वर्षी बाबासाहेब पुन्हा लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्र आणि ग्रेज इनमध्ये कायदा, दोन्ही एकाच वेळी. आयोगाच्या परिपत्रकाआधी शंभर वर्षे! रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ १९२३ मध्ये आला. चार वर्षांनी ‘बहिष्कृत भारत’ सुरू झाले आणि तिथे त्यांनी महारवतनाबद्दल लिहिले, तेव्हा अन्यायाची चीड आणि वतनाचा हिशोब ही दोन माणसांची कामे उरली नव्हती. वतनदाराकडून राबवून घेतात किती आणि पदरात टाकतात किती, हे मांडणारा संपादक आणि अर्थशास्त्रज्ञ एकच होता. मला जोडपदवी हवी आहे ती या अर्थाने.

लोकमान्यांचे थोडक्यात सांगतो. १८९१ मध्ये ‘केसरी’ आणि ‘मराठा’ टिळकांकडे आले ते कर्जासकट. त्याच सुमारास लातूरला सरकी काढण्याच्या कारखान्यात त्यांची भागीदारी होती, आणि ते कायद्याचे वर्गही चालवत. पत्र चालवायला पैसा लागतो याची त्यांना लाज वाटत नव्हती. ती आपल्याला का वाटते, कोण जाणे.

आता एक खटला, जो मी प्रत्येक अभ्यासक्रमात सक्तीचा करीन. कोलंबियातच शिकून आलेल्या नानासाहेब परुळेकरांनी १९३२ मध्ये पुण्यात ‘सकाळ’ काढला. पुढे केंद्र सरकारने १९५६ चा कायदा आणि १९६० चा आदेश आणून ठरवले, की वृत्तपत्राने किती किमतीला किती पाने द्यायची. पाने वाढवायची तर किंमत वाढवा, किंमत तीच ठेवायची तर पाने कापा. जाहिरातींच्या जागेवरही नियंत्रणाची तरतूद होती. छोट्या पत्रांना मोठ्यांपासून वाचवणे, हा सरकारचा सांगितलेला हेतू ऐकायला वाईट नव्हता. ‘सकाळ’ सर्वोच्च न्यायालयात गेला, त्याच्याबरोबर दोन वाचकही गेले. सप्टेंबर १९६१ मध्ये न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला. निकालपत्र लिहिले न्यायमूर्ती मुधोळकरांनी. त्यातले तर्कशास्त्र साधे आहे: किंमत वाढली की खप घटतो, जाहिरात कमी झाली की किंमत वाढवावी लागते, आणि खप घटणे म्हणजे विचार कमी लोकांपर्यंत पोहोचणे. मूलभूत हक्काचा खटला खप, पाने आणि जाहिरातीच्या गणितावर जिंकला गेला. ज्याला हे गणित येत नाही, त्याला तो निकालही अर्धाच कळतो.

उलट्या बाजूचेही उदाहरण देतो. काही वर्षांपूर्वी देशातल्या एका बड्या माध्यमसमूहाने कंपन्यांना जाहिरातीची जागा देऊन मोबदल्यात त्यांचे शेअर घ्यायला सुरुवात केली. ‘प्रायव्हेट ट्रीटीज’ हे त्याचे नाव. म्हणजे ज्या कंपनीची बातमी द्यायची, तिचेच भाव वाढण्यात पत्राचा फायदा. सेबीने हा विषय प्रेस कौन्सिलकडे नेला आणि २०१० मध्ये अशी भागीदारी वाचकाला सांगण्याचे बंधन आले. नुसत्या पत्रकारितेच्या विद्यार्थ्याला हा व्यवहार कळत नाही, म्हणून तो गप्प बसतो. नुसत्या वाणिज्याच्या विद्यार्थ्याला तो पूर्ण कळतो, पण त्यात वावगे काय, हे कळत नाही. दोघांना एकाच बाकावर बसवूनही भागत नाही. हे दोन्ही एकाच डोक्यात पडावे लागते.

मित्रहो, जोडपदवीची ही चर्चा मुंबई-पुण्यात नवी असेल. तालुक्याचा वार्ताहर तिचे प्रात्यक्षिक कधीपासून करतो आहे, फक्त त्याला शिकवणी मिळालेली नाही. सकाळी तो साखर कारखान्याच्या अध्यक्षांकडे वाढदिवसाच्या शुभेच्छांची जाहिरात मागायला जातो. पंधरा ऑगस्ट, वर्धापनदिन, दिवाळी यांची उद्दिष्टे वरून ठरून आलेली असतात. मानधन नाममात्र, खरी मिळकत जाहिरातीच्या कमिशनची. संध्याकाळी त्याच कारखान्याच्या वार्षिक सभेची बातमी त्यालाच लिहायची असते. आपण शहरात बसून त्याला नीतीचे धडे देतो. २००९ च्या विधानसभा निवडणुकीतल्या विकत घेतलेल्या बातम्यांचा गवगवा झाला तेव्हाही बोट दाखवायला सगळ्यांना हाच माणूस सापडला. त्या बातम्यांच्या पॅकेजचे दर त्याने ठरवले नव्हते.

या माणसाच्या हातात सभेच्या आधीच एक पुस्तिका आलेली असते: कारखान्याचा वार्षिक अहवाल. तो मराठीत असतो, सभासदांच्या घरोघर जातो, आणि बातमीत त्यातला येतो तो अध्यक्षांचा फोटो. शेवटची पाने कोणी उघडत नाही. ताळेबंद तिथे असतो, लेखापरीक्षकाचे शेरे असतात. साठ्यातल्या साखरेचे मूल्य कोणत्या भावाने धरले, यावर तोटा नफ्यात जाऊ शकतो. देणी कुठे दाखवली आणि कुठे नुसती तळटीपेत टाकली, ते पाहावे लागते. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे उसाची रास्त आणि किफायतशीर किंमत, द्यायची असा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचा नियम आहे. थकीत रक्कम किती, हे शोधायला गुप्तहेर लागत नाही, बेरीज-वजाबाकी लागते. जिल्हा बँकांचे तेच, पतसंस्थांचे तेच. ‘ऑडिट वर्ग अ’ असे ठळक छापणारी पतसंस्था बुडाली की आपण ठेवीदारांच्या रडण्याचे फोटो छापतो. ते रडणे आधीच्या दोन अहवालांत आकड्यांनी लिहिलेले असू शकते.

म्हणजे पदवीशिवाय काही अडते का? प्रामाणिकपणे सांगायचे तर नाही. २३ एप्रिल १९९२ रोजी मुंबईच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’त रोखे घोटाळ्याला तोंड फोडणाऱ्या सुचेता दलाल यांचे शिक्षण संख्याशास्त्राचे आणि कायद्याचे. ना बी.कॉम., ना पत्रकारिता. पण बँकांच्या आपसातल्या व्यवहारांची कागदपत्रे कशी फिरतात, हे त्यांनी समजून घेतले होते. ती समज वर्गात मिळू शकत असेल तर आपण ती द्यायला हवी, एवढाच माझा दावा आहे.

आणि आज ती आपण देत नाही. जोडपदवी म्हणजे काय चालले आहे? दोन वेळापत्रके, दोन शुल्के, दोन परीक्षा, आणि एकमेकांशी न बोलणारे दोन विभाग. वाणिज्याच्या तासाला विद्यार्थी काल्पनिक ‘अबक कंपनी’चा ताळेबंद जुळवतो. पत्रकारितेच्या तासाला तो बातमीचा उलटा त्रिकोण काढतो. त्रिकोणात ताळेबंद भरायला त्याला कोणी सांगत नाही. मग कंपन्यांचे जनसंपर्क विभाग त्याला उचलतात, कारण दोन्ही भाषा येणारा माणूस त्यांना तत्काळ उपयोगी पडतो. त्या नोकरीला मी कमी लेखत नाही, पगार वेळेवर होतो. पण कंपनीची बाजू मांडणारा पोरगा दोन्ही विषयांत तयार आणि तिला प्रश्न विचारणारा पोरगा एकात कच्चा, अशी लढत आपणच लावून देत आहोत.

आणखी एक. विद्यार्थ्याला ज्या पत्रात नोकरी करायची, त्याचाही हिशोब वाचता आला पाहिजे. कागदाचा भाव वाढला की पहिला बळी वार्ताहरांच्या जाळ्याचा का जातो, अंक छपाईखर्चापेक्षा स्वस्त का विकतात, वाचकाची वर्गणी आणि सरकारी जाहिरात यांतल्या कोणत्या पैशाला कोणता दोर बांधलेला असतो, हे त्याला नोकरीच्या पहिल्या दिवशी माहीत असावे. पुलित्झर यांना भीती होती की धंदा शिकला की पत्रकार विकला जाईल. माझा अनुभव असा आहे, की ज्याला धंदा कळत नाही तो फार स्वस्तात विकला जातो, आणि विकला गेल्याचे त्याच्या लक्षातही येत नाही.

तेव्हा येथे जमलेल्या विभागप्रमुखांना माझी विनंती आहे. नव्या पदवीचे फलक लावण्याआधी वाणिज्य विभागातल्या सहकाऱ्याला चहाला बोलवा आणि दोघांनी मिळून एक विषय शिकवा. काल्पनिक कंपन्या बंद करा. विद्यार्थ्याला त्याच्याच तालुक्यातल्या कारखान्याचा, बँकेचा, नगरपालिकेचा अहवाल द्या आणि त्यावरून आठशे शब्दांची बातमी मागा. गुण दोघांनीही द्या: आकडा चुकला तर वाणिज्याच्या शिक्षकाने कापावेत, शेतकऱ्याला कळली नाही तर आपण. साखर कारखान्यांच्या वार्षिक सभा बहुतेक सप्टेंबरात होतात. अहवाल त्याआधी सभासदांच्या घरी येतात, आणि आपल्या निम्म्या विद्यार्थ्यांच्या घरी कोणी ना कोणी सभासद असतेच. यंदा तेवढा एक अहवाल वर्गात येऊ द्या.