फड आणि त्याचं देणं

माझा मुलगा पुण्यात नोकरी करतो. मागं सुट्टीला इंदापूरला आला होता. रात्री जेवणं झाल्यावर त्यानं मला मोबाइलवर गाण्याचा एक कार्यक्रम दाखवला. समोर माणसांचा समुद्र आणि रंगमंचावर सुरकुतलेल्या चेहऱ्यांची दोन-तीन काटकुळी माणसं गिटार घेऊन नाचतायत. मुलगा म्हणाला, "अब्बा, यांचं नाव रोलिंग स्टोन्स. १९६२ साली लंडनमध्ये सुरू झालेला बँड. २०२४ साली यांनी पुन्हा अमेरिकेचा दौरा केला. हा जो गातोय तो मिक जॅगर, त्या दौऱ्यात ऐंशी वर्षांचा होता."

मला गाण्याचे शब्द कळले नाहीत. पण तो माणूस लोकांकडे ज्या नजरेनं बघत होता, ती नजर ओळखीची वाटली. मग मुलानं आणखी एक गोष्ट सांगितली. या बँडचं नाव मडी वॉटर्स नावाच्या एका काळ्या गायकाच्या १९५० सालच्या गाण्यावरून घेतलेलं आहे. मडी वॉटर्स तरुणपणी मिसिसिपीतल्या कापसाच्या मळ्यात राबत असे. त्या मळ्यांतून जे गाणं आलं त्याला ब्लूज म्हणतात. म्हणजे ज्यांच्या हाताला घट्टे आणि वाट्याला अपमान, त्यांचं हे गाणं.

मी म्हटलं, "बेटा, साठ वर्षं रस्त्यावर राहणं ही मोठीच गोष्ट. पण आपल्या पुणे जिल्ह्यात याहून जुनं एक घराणं आहे. पाच पिढ्या झाल्या, रात्री जागवतंय." त्याला वाटलं, मी थट्टा करतोय. म्हणून आज हा विषय तुमच्यासमोर मांडतो आहे.

शिरूर तालुक्यातल्या कवठे यमाईचे नारायण खुडे यांनी तमाशाचा फड उभा केला. त्यांच्या मुलांनी, भाऊ आणि बापूंनी, तो नावारूपाला आणला. 'भाऊ-बापू मांग नारायणगावकर' हे नाव उच्चारलं की गाड्या जुंपून माणसं यायची. भाऊंची मुलगी विठाबाई. जन्म जुलै १९३५, पंढरपूरचा, म्हणून नाव विठा. विठाबाईंची मुलगी मंगला बनसोडे. त्यांनी स्वतःचा मोठा फड उभा केला आणि त्यांचे चिरंजीव नितीनकुमार त्यात उभे राहिले. आजोबा, बाप, लेक, नात, पणतू अशी ही साखळी आहे. या घराण्याचं मोठेपण कुठल्या तबकडीत सापडत नाही. ते त्या त्या रात्री, त्या त्या गावच्या माळावर झालं आणि सकाळी कनातींबरोबर गुंडाळून पुढच्या गावाला गेलं.

फडाचं वर्ष साधारण दसऱ्याला सुरू होतं. आधी तिकिटावरचे तंबूतले खेळ. मग गुढीपाडव्याच्या आसपास नारायणगावला राहुट्या लागतात. गावोगावचे पंच येतात, बोलणी होतात, यात्रेची सुपारी ठरते. चैत्र-वैशाख दोन महिने रोज नवं गाव. मोठ्या फडात शंभराच्या वर माणसं. नाचणाऱ्या, गाणारे, सोंगाड्या, ढोलकीवाला, हलगीवाला, आचारी, ड्रायव्हर, तंबू ठोकणारे. रात्री खेळ, पहाटे सामान ट्रकात, दिवसा ट्रकातच झोप. पावसाळ्यात सगळं बंद. त्या चार महिन्यांच्या पोटासाठी कलावंत मालकाकडून उचल घेतात आणि मालक सावकाराकडून. पुढचा हंगाम उभा राहतो तो अशा डोक्यावरच्या कर्जावर.

आमचं घर मणेराचं. अब्बा इंदापूर, बारामतीच्या बाजारांत आणि यात्रांत बांगड्यांचं दुकान लावायचे. पलसदेव, बावडा, निमगाव केतकी, लासुर्णे, जिथं यात्रा तिथं आमची चटई. तमाशाच्या तंबूजवळची जागा अब्बा मुद्दाम धरायचे. स्वतः त्यांनी कधी तमाशा पाहिला नाही. इशाची नमाज झाली की चादर ओढून झोपायचे. मला बजावलेलं असायचं, "तमाशा देखनेकू नै जानेका." पण सकाळी फडातल्या बाया बांगड्या भरायला आल्या की म्हणायचे, "आधी पाणी दे त्यांना. रातभर खड्या होत्या."

फडातल्या बाईचा हात अब्बा दुरून ओळखायचे. मनगटावर ओरखडे असायचे आणि डझनातल्या चार-पाच बांगड्या उरलेल्या असायच्या. मी एकदा म्हणालो, "हिच्या किती फुटल्या!" तर चापट बसली. "फुटल्या म्हणत नाहीत. वाढल्या म्हणायचं." आणि मग हळूच म्हणाले, "जिच्या जास्त वाढल्या, तिनं रात्री जास्त काम केलं."

या बायांचा व्यवहार उधारीचा. यंदा भरलेल्या बांगड्यांचे पैसे पुढच्या यात्रेला. आमच्या इतर गिऱ्हाइकांपैकी कितीतरी जणांनी अब्बांना बुडवलं. फडातल्या बायांची नावं मात्र एकेक करून खोडली जायची. वही लाल कापडाची होती. तिच्यावर बिस्मिल्ला लिहिलेलं आणि आत बांगडीचं माप, रंग आणि नाव.

विठाबाईंना मी एकदाच पाहिलं. दहा-अकरा वर्षांचा असेन. अब्बा झोपल्यावर कनातीच्या फटीतून आत घुसलो. त्यांचं वय तेव्हा पंचेचाळिशीचं. माझ्या डोळ्यांसमोर लखलखीत तरुण बाई येणार होती, आणि आली ती माझ्या मावशीसारखी दिसणारी भरल्या अंगाची बाई. मी जरा हिरमुसलो. मग ढोलकीवर थाप पडली, पायांनी ताल धरला, आणि त्या बाईचं वय कुठं गेलं ते कळलं नाही. पुढं वगात ती रडली तेव्हा माझ्या शेजारचा पागोटेवाला म्हातारा उघड उघड डोळे पुसत होता. रात्री त्याच बाईला शिट्टी मारणारे लोक पहाटे तिच्यासाठी रडत घरी जात होते. हे कसं होतं, ते मला पुढं अनेक वर्षं कवितेत शोधावं लागलं.

त्यांची ती गोष्ट तुम्हाला माहीत असेल. दिवस भरलेले असताना त्या रंगमंचावर उभ्या राहिल्या. कळा सुरू झाल्या तेव्हा आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा लोकांसमोर आल्या. ही गोष्ट आपण कौतुकानं सांगतो. मीही सांगायचो. आता सांगताना माझी जीभ अडखळते. आत बाळ रडत होतं, आणि बाहेर तंबूत बसलेल्या लोकांचा खेळ काही थांबला नव्हता. त्या लोकांत आपलेच आजोबा, चुलते असणार. कौतुक फक्त त्या बाईचं करायचं आणि त्या प्रेक्षकांबद्दल बोलायचंच नाही, हे काही बरोबर नाही.

प्रेक्षकांबद्दल बोलायचा मला अधिकार आहे, कारण मीही त्यातलाच. १९८९ च्या सुमाराची गोष्ट. मी बारामतीला बी.ए. करत होतो. कॉलेजातली आम्ही सात-आठ पोरं एका यात्रेला गेलो. फड कुठला ते सांगत नाही. गण झाला, गवळण सुरू झाली आणि आम्ही ओरडायला लागलो, "गाणं! गाणं!" आम्हाला सिनेमातली गाणी हवी होती. वगातली मुख्य बाई, पन्नाशीची असेल, पुढं आली. हात जोडून म्हणाली, "पोरांनो, अर्धा तास वग बघा. नाही आवडला तर मीच बंद करते." कुणीतरी ढेकूळ भिरकावलं. माझ्या हातात ढेकूळ नव्हतं, पण घसा माझाच सगळ्यात मोठा होता. शेवटी मालकानं सिनेमाची गाणी लावली. दोन वाजेपर्यंत पोरी नाचल्या. वग झालाच नाही.

अब्बांचं दुकान त्याच यात्रेत होतं. सकाळी मी तिथंच बसलो होतो. ती बाई आली. पदराची गाठ सोडून तिनं मागच्या सालचे पैसे पुढं ठेवले. अब्बा म्हणाले, "आज नव्या नको?" तिनं दोन्ही हात पुढं केले. डझन भरलेला होता, एकही बांगडी कमी नव्हती. म्हणाली, "नको भाई. सगळ्या तशाच आहेत. काल वाढायचं कामच पडलं नाही."

अब्बा मला म्हणाले, "पाणी दे." मी "घ्या मावशी" म्हणायला गेलो, तर घशातून फाटका आवाज आला. अब्बांनी माझ्याकडं पाहिलं. तिनंही पाहिलं. तिला कळलं असणार. पाणी प्याली आणि म्हणाली, "शिकतोस ना रे? शीक."

अब्बांनी तिचे पैसे मोजून घेतले. तिचा मान ठेवायचा होता. वहीतलं नाव खोडलं. मग हिरव्या बांगड्यांचा एक डझन कागदात बांधून तिच्या हातात दिला. "ये उधार नै. ये हमारे घरका देना है." ती गेल्यावर त्यांनी वही पुन्हा उघडली आणि नव्या ओळीवर माझं नाव लिहिलं. पुढं लिहिलं, 'हिरवा, सव्वादोन, एक डझन.' मला एक शब्दही बोलले नाहीत.

पुढं मी कविता लिहू लागलो. संमेलनांत लोकांनी 'बस करा' म्हणून टाळ्या वाजवल्या, तेव्हा ती सकाळ आठवायची. काही लोक मला विचारतात, तुम्ही मुसलमान, मराठीत कविता करता, वर तमाशाबद्दल बोलता, हे कसं? मी त्यांना जेजुरीच्या सगनभाऊंचं नाव सांगतो. पेशवाईच्या अखेरच्या काळातला हा मोठा शाहीर जातीनं शिकलगार, मुसलमान. हत्यारांना धार लावणाऱ्यांच्या घरातला माणूस मराठी लावणीला धार लावून गेला. आणि बारामतीच्या मोरोपंतांचं काय? त्यांच्या आर्या रामजोशींनी कीर्तनातून गावोगाव नेल्या, असं परंपरा सांगते. पंडिताची कविता शाहिराच्या गळ्यातून लोकांपर्यंत पोचली. उभं राहून समोरच्या माणसाला ऐकवायचं, हीच आपल्याकडची जुनी छपाई.

विठाबाईंना १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवण्यात आलं. १९६२ च्या युद्धात त्यांनी सीमेवर जाऊन जवानांपुढे कार्यक्रम केले. आणि १५ जानेवारी २००२ रोजी त्या गेल्या, त्या हलाखीत. अखेरच्या आजारात औषधपाण्याचीही ओढाताण होती. नंतर राज्य शासनानं त्यांच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. पुरस्कार चांगलाच आहे. पण हयातीतली उधारी आपण मेल्यावर हारानं फेडतो, ही आपली जुनी खोड आहे.

२०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी करोनामुळे ऐन चैत्रात यात्रा बंद राहिल्या. उचल घेतलेली, ट्रक दारात उभे आणि गावं कुलूपबंद. याच आजारानं मे २०२१ मध्ये कांताबाई सातारकर गेल्या. रंगमंचावर पुरुषी भूमिका गाजवणारी, शिवाजी महाराज उभे करणारी बाई. त्यातून काही फड सावरले, काही पुन्हा उभे राहिले नाहीत. रात्री ध्वनिक्षेपकाच्या वेळेचं बंधन आहे, म्हणून गण-गवळण घाईनं उरकावी लागते. पहाटेची भैरवी आता क्वचित ऐकू येते. आणि "गाणं, गाणं" ओरडणारी पोरं आजही आहेत. फरक एवढाच की त्यांच्या हातात मोबाइल आहे.

अब्बा गेले तेव्हा पेटीत ती लाल वही सापडली. फडातल्या बायांची सगळी नावं खोडलेली होती. न खोडलेल्या नावांत एक माझं होतं.

मागच्या चैत्रात आमच्या भागातल्या एका यात्रेत मी मुद्दाम गेलो, मुलाला घेऊन. वग सुरू झाला तेव्हा निम्मा तंबू रिकामा झाला. आम्ही बसून राहिलो. शेवटी साठ-सत्तर माणसं उरली असतील. पण त्या साठ-सत्तर जणांसाठी त्या माणसांनी काही राखून ठेवलं नाही. बाहेर येताना मुलगा म्हणाला, "अब्बा, त्या बाईनं आपल्याकडं बघून गायलं." मी म्हटलं, "तीच नजर मला तुझ्या मोबाइलवर दिसली होती."

घरी येऊन वही उघडली. पेन हातात घेतलं, आणि तसंच ठेवून दिलं. माझं नाव अजून तिथंच आहे.

श्रोतेहो, तुमच्या गावच्या यात्रेत फड आला, तर एवढंच करा. वग संपेपर्यंत उठू नका.