रणगाड्याचा हिशेब कोणी मागावयाचा?



25 जून 1950 रोजी पहाटे उत्तर कोरियाच्या सेनेने 38वे अक्षवृत्त ओलांडले, तेव्हा तिच्या अग्रभागी सोव्हिएत बनावटीचे सुमारे दीडशे टी-34 रणगाडे होते. दक्षिणेच्या सेनेपाशी एकही नव्हता. 28 जूनला सेऊल पडले. पुढे तीन वर्षे चाललेल्या युद्धात अमेरिकी बाँबवर्षावाने उत्तरेतील शहरांची राखरांगोळी केली. शस्त्रसज्ज राहिल्याविना तरणोपाय नाही, ही तेथील राज्यकर्त्यांची धारणा अशा अनुभवातून बनली. तिला निव्वळ वेडगळपणा म्हणणे अन्यायाचे होईल.

ऑक्टोबर 1962 मध्ये क्यूबाच्या पेचात सोव्हिएत संघाने माघार घेतली आणि मित्राच्या शब्दावरील त्यांचा विश्वास डळमळला. त्याच डिसेंबरात पक्षाच्या मध्यवर्ती समितीने अर्थविकास व संरक्षण यांची वाटचाल समांतर राहील, असे ठरविले. परंतु एकाच पोलादाचा नांगर आणि तोफ ही दोन्ही होत नाहीत. 1961 साली आरंभिलेली सप्तवार्षिक योजना 1967 मध्ये पुरी व्हावयाची होती. ती तीन वर्षे लांबवावी लागली. 1970 च्या पक्ष-अधिवेशनात खुद्द किम इल सुंग यांनी संरक्षणखर्चाचा बोजा देशाच्या मानाने फार जड झाल्याची कबुली दिली. त्या काळी अधिकृत अंदाजपत्रकाचा सुमारे 30 टक्के हिस्सा संरक्षणावर खर्ची पडत होता.

यानंतर जे घडले ते अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने विशेष लक्षात ठेवावे. 1972 मध्ये हा अधिकृत आकडा एकदम 17 टक्क्यांवर आला. सेना घटली नव्हती, कारखानेही बंद पडले नव्हते. खर्च इतर शीर्षकांखाली गेला, असाच बहुतेक अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. त्याच दशकात शस्त्रोत्पादन ‘द्वितीय आर्थिक समिती’ या स्वतंत्र यंत्रणेकडे सोपविण्यात आले. मंत्रिमंडळाच्या नियोजनाबाहेरची ही दुसरी अर्थव्यवस्था होय.

स्वदेशी रणगाडा या पडद्याआड जन्मास आला. सोव्हिएत टी-62 च्या आधारे ‘चोन्मा-हो’, म्हणजे दिव्य अश्व, तयार झाला. त्यानंतर ‘पोकपुंग-हो’, म्हणजे वादळ. 10 ऑक्टोबर 2020 रोजी, पक्षाच्या पंच्याहत्तराव्या वर्धापनदिनी, प्याँगयाँगच्या संचलनात अगदी नव्या घडणीचा रणगाडा दिसला. त्याच्या तोफेचा व्यास 115 मिलिमीटर की 125, यावर बाहेरचे तज्ज्ञ छायाचित्रे ताडून वाद घालीत राहिले. मार्च 2024 मध्ये किम जाँग उन यांनी नवा रणगाडा स्वतः हाकल्याचे तेथील वृत्तसंस्थेने कळविले. किंमत मात्र तिने कळविली नाही.

ही किंमत कोणी मोजली? 1991 मध्ये सोव्हिएत संघ लयास गेला, स्वस्त तेल व सुटे भाग यांचा ओघ आटला, आणि 1990 च्या दशकाच्या मध्यास भीषण दुष्काळ पडला. मृतांचे अंदाज अडीच लाखांपासून तीस लाखांपर्यंत जातात. मेलेल्यांचीही खात्रीची मोजदाद नाही, याहून गुप्ततेचा कठोर पुरावा कोणता? नेमक्या याच काळात ‘सेना प्रथम’ ही घोषणा राष्ट्राचे धोरण बनली. 2019 साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्नसंस्थांनी एक कोटीवर, म्हणजे सुमारे 40 टक्के, लोक अन्नटंचाईत असल्याचे नमूद केले.

भारतानेही रणगाडा घडविला. ‘अर्जुन’ प्रकल्पास 1974 मध्ये साडेपंधरा कोटी रुपयांची मंजुरी मिळाली. खर्च तीनशे कोटींवर गेला, वर्षांमागून वर्षे लोटली. हे अपयश अभिमानास्पद खासच नाही. परंतु महालेखापरीक्षकांनी ते संसदेपुढे मांडले, वृत्तपत्रांनी छापले, आणि म्हणूनच ते सामान्य नागरिकास ठाऊक आहे. उत्तर कोरियातील शेतकऱ्यास हा अधिकार नाही.

उत्पादनसाधने राज्याच्या मालकीची झाली म्हणजे समाजवाद आला, असे मानणाऱ्यांनी या उदाहरणाकडे पाठ फिरवू नये. कारखाना जनतेच्या नावावर असेल आणि त्याची चोपडी जनतेस उघडता येत नसेल, तर मालक कोण, हा प्रश्न उरतोच. स्वसंरक्षणाचा हक्क प्रत्येक राष्ट्रास आहे; त्याचा हिशेब मागण्याचा हक्क, ज्याच्या ताटातील भात त्यापायी कमी होतो, त्यास असला पाहिजे.