माहीमचे मखदूम अली आणि कुराणातली सुसंगती




कुराणात 114 सुरा, म्हणजे अध्याय आहेत.
त्यांची मांडणी काळाच्या क्रमाने नाही.

मग आयतींचा, म्हणजे सुरेतल्या वचनांचा, एकमेकींशी संबंध आहे का?
विद्वान शतकानुशतकं हा प्रश्न विचारत आले.

त्याचं एक मोलाचं उत्तर आपल्या महाराष्ट्रातून आलं.

सुमारे 600 वर्षांपूर्वी मुंबईच्या माहीममध्ये मखदूम अली माहिमी राहत होते.
त्यांनी कुराणावर अरबीत भाष्य लिहिलं.
एक आयत पुढच्या आयतीशी कशी जोडलेली आहे, हे त्यांनी उलगडलं.
सुरेच्या आरंभीच्या ‘बिस्मिल्लाह’चा अर्थही त्यांनी त्या त्या सुरेच्या आशयाशी जोडला.

त्याच शतकात अरबी विद्वान अल-बिकाई यांनीही हाच संबंध शोधला.

पुढे आझमगडच्या हमीदुद्दीन फराहींनी सांगितलं,
प्रत्येक सुरेला एक मध्यवर्ती विषय असतो.

काही पाश्चात्त्य अभ्यासकांना कुराणाची ही रचना विस्कळीत वाटली.
अलीकडे मात्र तिकडचेही अनेक जण तिच्यातली सुसंगती दाखवतात.

श्रोतेहो, यातली मुख्य गोष्ट सांगते.
आयत सुटी वाचू नये.
मागचं-पुढचं पाहावं, मगच अर्थ लावावा.

कोणताही ग्रंथ वाचताना एवढं आपण नक्की पाळूया.