तोळाभर लोखंड



संयोजकांनी फोनवर मला विषय दिला होता, ‘आयटी क्षेत्रातील संधी’. पण आपली मुलंच आता कॉलेजात आहेत आणि त्या संधी तीच मला समजावून सांगतात. म्हणून मी विषय बदलून मागितला. त्याला कारणही तसंच होतं. महिन्यापूर्वी आपल्या ग्रुपवर, गुड मॉर्निंगच्या फुलांच्या गर्दीत, एक खरा प्रश्न आला. विचारणारा आपल्याच वर्गातला. उद्यमनगरात त्याचं शाफ्ट आणि बेअरिंग सीट दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. प्रश्न सांग पण नाव घेऊ नको, अशी त्याची अट आहे. आता तुम्ही सगळे त्याच्याकडेच वळून बघताय, त्याला माझा इलाज नाही.

त्यानं लिहिलं होतं, “लेसरनं पावडर चढवायचं मशीन घ्यायचं म्हणतोय. कर्ज मोठं हाय, प्लॉट तारण ठेवायला लागंल. तू त्याच मशीनचं सॉफ्टवेअर करतीस नव्हं? मग सांग की, घेऊ का नको?” मी त्या वेळी नुसता अंगठा टाकून “बोलू” एवढंच लिहिलं. आज बोलते. आणि आधीच कबूल करते, अशी मशीन विकली गेली तर माझ्या कंपनीचा फायदा आहे. तेव्हा माझं म्हणणं जरा पारखूनच घ्या.

एक हिशेब करू. सर, गणित चुकलं तर इथंच थांबवा. पंपाचा एक शाफ्ट धरा, ६० मिलिमीटर जाडीचा, एक मीटर लांब. वजन साधारण २२ किलो. बेअरिंग बसतं ती जागा ४० मिलिमीटर रुंद, आणि तिथं सगळीकडून ०.२ मिलिमीटर झीज झाली आहे. बेअरिंग ढिलं पडलं, शाफ्ट आवाज करायला लागला, गिऱ्हाईक म्हणतं नवा घाला. प्रत्यक्षात गेलं किती? दीड घन सेंटिमीटर, म्हणजे बारा ग्रॅमच्या जरा आत. गुजरीत वाढलेल्यांना सांगायला नको, तो एक तोळा झाला. तोळाभर लोखंड गेलं म्हणून आपण २२ किलो भंगारात घालतो. ते तोळाभर लोखंड जिथल्या तिथं परत बसवता येतं का, एवढाच या सगळ्या धंद्याचा प्रश्न आहे. प्रत्यक्षात जागा आधी थोडी खोल कापावी लागते, नंतर ग्राइंडिंगला माया ठेवावी लागते आणि काही पावडर उडून जाते. म्हणून तीनचार तोळे लागतात. तरीही २२ किलोपुढं ते काहीच नाही.

कोल्हापूरला हे नवीन नाही. म्हादबा मेस्त्रींसारख्या कारागिरांनी इथं ऑइल इंजिन घडवलं. इंजिन आलं की त्याची झीज आली, आणि झिजेबरोबर दुरुस्ती आली. शाळा सुटल्यावर आपल्यातले काही जण उद्यमनगरातून घरी जायचे. क्रँकशाफ्ट ग्राइंडिंगच्या दुकानात “दहा, वीस, तीस, चाळीस” असं ऐकू यायचं. ते पाढे नव्हते. क्रँकचं जर्नल झिजलं की इंचाचे दहा हजारांश भाग घासून गोल करायचं आणि तेवढं लहान बेअरिंग घालायचं. पुन्हा झिजलं की वीस. चाळीसनंतर बहुतेक वेळा क्रँकची गोष्ट संपायची. म्हणजे आपली जुनी दुरुस्ती वजाबाकीची होती. बेरजेची दुरुस्तीही होती, वेल्डिंगची आणि तारेच्या मेटल स्प्रेची. वितळलेल्या धातूचे थेंब फवारून पृष्ठभागावर थर द्यायची कल्पना स्वित्झर्लंडच्या माक्स शूप यांनी १९१० च्या सुमाराला आणली. पावडर ही त्याच बेरजेची पुढची पायरी.

पावडर म्हटलं की बाईंच्या विज्ञानाच्या तासाचा लोहकीस डोळ्यांसमोर येतो. कागदाखाली चुंबक, वर लोहकीस, आणि त्याच्या त्या सुंदर रेघा. ही पावडर मात्र कीस नाही. वितळलेल्या धातूची बारीक धार वरून सोडतात आणि नायट्रोजन किंवा आर्गॉन वायूचा जोराचा झोत तिच्यावर मारतात. धारेचे थेंब होतात आणि खाली पडता पडता गोल होऊन गोठतात. पाण्याचा झोत मारला तर कण वेडेवाकडे होतात. दाबून भाजून सुटे भाग करायला ते चांगले, एकमेकांत अडकतात. फवारायला मात्र गोल कणच हवेत, कारण ते वाहतात. लेसर क्लॅडिंगसाठी कण साधारण ५० ते १५० मायक्रॉनचे असतात. आपला केस ७० मायक्रॉनच्या आसपास, यावरून अंदाज येईल. पावडर किती वाहती आहे हे बघायची रीत मला फार आवडते. ५० ग्रॅम पावडर अडीच मिलिमीटर भोकाच्या नरसाळ्यातून सोडायची आणि घड्याळ लावून किती सेकंद लागले ते मोजायचं. लोखंडाच्या पावडरीसाठी जगात नावाजलेली स्वीडनची होगानस कंपनी १७९७ सालची आहे. तिचा कारखाना आपल्या अहिल्यानगरच्या एमआयडीसीत आहे.

आता लोखंडाचीच पावडर का? वर्षानुवर्षं कठीण थरासाठी कोबाल्टची आणि निकेलची पावडर वापरली गेली. दोन्ही महाग. जगातलं बहुतेक कोबाल्ट काँगोतल्या खाणींतून येतं, तिकडं काही झालं की भाव हलतो. लोखंडात क्रोमियम आणि कार्बन घातलं की थरात क्रोमियमचे कार्बाइड तयार होतात. उसाबरोबर येणाऱ्या माती-वाळूच्या घासण्याला ते उत्तम टिकतात, आणि भाव पुष्कळ खाली येतो. दुसरं कारण युरोपातलं. तिथं २१ सप्टेंबर २०१७ नंतर हार्ड क्रोम प्लेटिंगला लागणारी विषारी क्रोमियमची संयुगं परवानगीशिवाय वापरता येत नाहीत. त्याच सुमाराला जर्मनीतल्या आखेनच्या फ्राउनहोफर संस्थेनं लेसरनं अतिवेगानं पातळ थर द्यायची पद्धत पुढं आणली. शिवाय युरो ७ नियमांत गाडीच्या ब्रेकमधून उडणाऱ्या धुळीलाही मर्यादा आहे, पेट्रोल-डिझेल गाडीला किलोमीटरमागे ७ मिलिग्रॅम. नव्या मॉडेलना ती नोव्हेंबर २०२६ पासून लागू. ब्रेकच्या डिस्क बिडाच्या असतात, आणि त्यांच्यावर लोखंडी पावडरीचा पातळ थर चढवणं हा त्यावरचा एक उपाय. शिरोली, गोकुळ शिरगावला फाउंड्री असणाऱ्यांनी हे वाक्य लक्षात ठेवावं.

पण बिडाचं नाव निघालं म्हणून इथं थांबते, कारण आपल्या मित्राकडं येणारा बराचसा माल बिडाचाच असतो. बिडात ग्राफाइटच्या चकत्या असतात. वर लोखंडाचा थर वितळवून चढवला की तो कार्बन थरात ओढला जातो. सांध्यावर काचेसारखा कडक पट्टा तयार होतो आणि थंड होताना टिक् करून तडा जातो. हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे, तो आवाज त्यानं ऐकलाय. म्हणून बिडावर निकेलच लागतं, निदान आधीचा अस्तराचा थर तरी. ब्रेकच्या डिस्कलासुद्धा ही अडचण येते. त्यामुळे “लोखंडी पावडर स्वस्त” हे विक्रेत्याचं वाक्य त्याच्या निम्म्या कामाला लागूच पडत नाही.

आता माझी चूक सांगते. तीन वर्षांपूर्वीचा जुलै. एका वर्कशॉपमध्ये आमच्या मशीनची चाचणी होती, वर्कशॉपचं नाव घेत नाही. बाहेर आपल्यासारखाच पाऊस. रात्री पावडरीची बाटली उघडी राहिली होती. सकाळी काम सुरू झालं, माझ्या स्क्रीनवर सगळं हिरवं. पावडर मिनिटाला ठरली तेवढीच जात होती. तिथला ऑपरेटर मशीनजवळ उभा होता. तो म्हणाला, “मॅडम, पावडर अडखळतेय. आवाज बघा.” मी स्क्रीन दाखवली आणि म्हणाले, “नाही हो, बरोबर आहे.” शाफ्ट उतरवून ग्राइंडिंगला घेतला तर थरात लाटा. काही ठिकाणी कातून खाली मूळ शाफ्टच लागला. सगळं काढून पुन्हा करावं लागलं.

झालं होतं असं. पावडर ज्या फिरत्या चकतीवरून जाते, तिचे फेरे मी मोजत होते. पावडर मोजतच नव्हते. दमट पावडर चकतीवर चिकटली तरी चकती बापडी फिरतच राहते. ते सॉफ्टवेअर मी लिहिलेलं, आणि “बरोबर आहे” हे शब्दही माझेच. नंतर आम्ही डब्याखाली वजनकाटा बसवला. आता पावडर प्रत्यक्षात किती कमी झाली ते कळतं. पावडर ओव्हनमध्ये कोरडी करून घ्यायची सवयही लागली. त्या ऑपरेटरची मी माफी मागितली, तर तो म्हणाला, “असू दे मॅडम, मी पण आधी मशीनचंच ऐकायचो.”

तेव्हापासून कुणी विचारलं, मशीन घेतलं की कारागीर कमी लागतील ना, तर मी गप्प बसते.

आता उत्तर. तुझ्याकडं दिवसाला येतात आठ वस्तू, आठही वेगळ्या. एक पंपाचा शाफ्ट, एक मोटरचा, एक बिडाचं हाउसिंग. लेसरची कमाई एकाच प्रकारच्या शंभर वस्तूंवर होते. एकेका वस्तूसाठी बसवणं, तपासणं, प्रोग्राम करणं यातच अर्धा दिवस जातो, आणि हप्ता मात्र रोजचा चढतो. म्हणून लेसर घेऊ नकोस. प्लॉट तारण ठेवून तर नकोच. ज्या कामाला खरंच लेसर लागतो ते पुण्याला जॉबवर्कला पाठव. सहा महिने एक वही ठेव: जाडी, झीज, धातू, नव्या वस्तूची किंमत, गिऱ्हाइकानं दिलेले पैसे. प्लॉटविषयी बोलायचं ते ती वही बघून.

एक शक्यता मात्र बघण्यासारखी आहे. साखर कारखान्यांच्या फायब्रायझरचे हॅमर. एकासारखे एक, डझनावारी, दर हंगामात झिजणारे, आणि पोलादी. यंत्रानं ऊस भरला की माती जास्त येते आणि झीजही वाढते. आज बहुतेक काम हातानं, इलेक्ट्रोडनं होतं. त्याला लेसर नव्हे, प्लाझ्मा आर्कचं पावडर मशीन पुरतं, आणि ते लेसरपेक्षा पुष्कळ स्वस्त. पण तेही एकट्यानं नको. उद्यमनगरातल्या चौघांनी मिळून, आणि हंगाम संपायच्या आधी कारखान्याकडून चाचणीचे हॅमर हातात आल्यावर. बसवून दिले, एक हंगाम चालले, मोजून बघितले, की मग मशीन.

आणि धूर ओढून घेणारा पंखा मशीनच्या किमतीतच धर. नंतर बघू म्हणू नकोस. वेल्डिंगचा धूर कॅन्सरला कारण होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१७ साली ठरवलं, आणि क्रोमियम असलेल्या पावडरीच्या धुरात ते विष आणखी असतं. तुझ्या दुकानातली दोन मुलं रुमाल बांधून काम करताना मी दिवाळीत बघितली. रुमालानं काही अडत नाही.

मागच्या टेबलावर एका काचेच्या बाटलीत थोडी पावडर ठेवली आहे, शेजारी थर चढवून अर्धा ग्राइंड केलेला शाफ्टचा तुकडा. जेवणाच्या सुट्टीत बघा, बोट फिरवून सांधा कुठं आहे तो शोधा. बाटली हलवून बघा, पाण्यासारखी वाहते. झाकण मात्र उघडू नका, आज हवा दमट आहे.