शिळा लंडनात, विद्यार्थी निपाणीत



रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज याने बेळगावात जिनालय उभारले. त्यास दिलेल्या दानाची नोंद करणारे शके ११२७ चे दोन शिलालेख आज बेळगावात नाहीत. ते लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. बार्नेट यांनी केलेले त्यांचे वाचन ‘एपिग्राफिया इंडिका’च्या १३ व्या खंडात आहे. पूर्वी असा खंड चाळावयाचा तर दूरच्या ग्रंथालयाची वाट धरावी लागे. आज निपाणीचा विद्यार्थी तो आंतरजालावर घरबसल्या उघडतो. ही सोय लहान नव्हे.

तथापि ती वापरावी कशी, हे शिकविणे विद्यापीठांतील इतिहासाध्यापकांचे कर्तव्य होय. वेणुग्राम, बेळगाव, आणि २०१४ पासून अधिकृत झालेले बेळगावी, ही एकाच नगरीची नावे. केवळ नव्या नावाने शोध घेणाऱ्यास १८८४ चे जिल्हा गॅझेटियर सापडेलच असे नाही. जुनी छपाई वाचताना यंत्रही अक्षरे चुकते. मोडी तर मुळातूनच शिकावी लागते.

याहून मोठी अडचण निराळीच आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून आपल्या या सीमाभागात लेखातील एखादी ओळही वादास पुरते. तिचे छायाचित्र स्थळ-काळ हरवून हातोहाती फिरते आणि त्यालाच इतिहास मानले जाते. म्हणून अध्यापकाने विद्यार्थ्यास संपूर्ण लेखाकडे न्यावे. दान कोणी दिले, कोणास दिले, केव्हा दिले, आणि हे वाचन कोणी केले, असे त्यास विचारावे. शिलालेखाचा अर्थ कन्नड विद्यार्थ्याने मराठी सोबत्यास सांगावा. मोडी कागद मराठी विद्यार्थ्याने त्यास वाचून दाखवावा. दोघांनी एकच पुरावा एकत्र वाचला, म्हणजे मतभेद उरले तरी ते पुराव्याला धरून राहतील.

शेवटी एक नम्र विनंती. मठामठांतून आणि घराघरांतून सनदा, हिशेबाच्या वह्या, पोथ्या बासनांत बांधलेल्या आहेत. त्यांची छायाचित्रे धन्याच्या संमतीने घ्यावीत. प्रत्येकासोबत मूळ कागद कोठे आहे, त्याची पाने किती, मिती कोणती, हे लिहून ठेवावे. मात्र चित्र निघाले म्हणून मूळ कागदाची हेळसांड होऊ नये, कारण उद्या शंका आल्यास निवाडा त्याच्याच आधारे करावा लागेल. हा स्मृतिग्रंथ दोन भाषांत निघत आहे. तशीच ही सूचीही दोन्ही भाषांत व्हावी, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.